आंबसळची माजघरीण

चपला खाली त्या चिऱ्यापाशी काढा. आणि ती काठी, हो, तुमचीच, तीही तिथेच राहू दे. हाताला धरून वर आणतो तुम्हाला, पण लाकूड या जोत्यावर चढत नाही. छत्रीची मूठ लाकडी असेल तर छत्रीही बाहेर. मागे एका बाईंनी केसांत लाकडी काटा खोवला होता, तो काढायला लावला तर केवढ्या रागावल्या! रागवा बापड्या. नियम काही मी केलेला नाही.

आता वर बघा. छप्पर नाही. जांभ्याच्या चार भिंती, त्याही छातीएवढ्या, आणि मध्ये हे वारूळ, माणसाहून उंच. पावसाळ्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काथ्याचे दोर ताणतात आणि त्यांवर माडाची झापं घालतात, तेवढाच काय तो आडोसा. देवळाला कळस कसा नाही, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. अहो, कळस कुठून असणार? हे घर होतं. तुम्ही उभे आहात ते माजघर.

आमच्या मुलखात वारुळाला देवी मानतात. भुईतून आपली आपण वर आलेली, म्हणून तिची पूजा. पण ती रानात, माळावर, फार तर वेशीपाशी. जिथे भाताची कणगी असते, बाळंतिणीची खाट असते, अशा माणसाच्या माजघरात आलेली देवी आमच्या आंबसळातच. म्हणून ती माजघरीण. ती कशी आली ते सांगतो. ऐकायला गोड नाही, आधीच सांगून ठेवतो.

पेशवाई सरत आली होती तेव्हाची गोष्ट, असे सांगतात. कोणी त्याहूनही मागे नेतात. या जागी मोनाजीचं घर होतं. मोनाजी साधा शेतकरी, पण घराचा भारी हौशी. भातकापणी उरकली की रानात जायचा, ऐनाचे आणि किंजळीचे वासे स्वतः निवडायचा, खांद्यावरून आणायचा. त्याचा धाकटा भाऊ बुधाजी बरोबर असायचा. माजघराचा मधला खांब फणसाचा होता, पिवळाधमक. मोनाजीची बायको आवडू दर सणाला त्या खांबाला खोबरेल पुसायची. त्यांची लेक सगुण जन्मली ती म्हणे याच खांबाला टेकून. कळा यायला लागल्या, सुईण पोचायला उशीर, आणि आवडूने दोन्ही हात मागे नेऊन खांबाला मिठी मारली होती.

सगुण एकुलती एक, दिसायला लाखात देखणी. पण तिच्या डाव्या पावलाला जन्मतःच वाक होता. चालताना ती एका अंगावर कलायची. पोरगी वाढू लागली तशी आवडूला तीच काळजी खायला लागली. अशा पोरीला सून करून कोण नेणार? मोनाजी मात्र निर्धास्त. तो म्हणायचा, न्यायला कशाला हवी, आपण जावई घरात आणू. पोरीला बघून नाही आला तर घराला बघून येईल.

आणि मग एका पावसाळ्यात मोनाजी तापाने गेला.

दिवसकार्य झालं आणि बुधाजी पडवीत येऊन बसला. इतकी वर्षं तो बायकापोरांना घेऊन खालच्या मांगरात राहत होता. गळकी खोपटी, दुसरं काय. तो म्हणाला, "वयनी, माजघराच्या मधोमध भिंत घालुया. अर्धा तुमचा, अर्धा माझा." आता त्यालाही अगदी चूक म्हणता येत नाही. ते वासे वाहताना त्याच्याही खांद्यांची सालटी निघाली होती. पण आवडूने सगुणसाठी स्थळ हेरून ठेवलं होतं. खाडीपलीकडच्या गावात एक होतकरू मुलगा होता, आईवेगळा, चार भावांतला शेवटचा. त्याचा बाप त्याला घरजावई द्यायला तयार झाला होता, पण घर पाहून. अर्ध्या माजघराला कोण आपला मुलगा देईल? भिंत उभी राहिली की सगुणचं लग्न आडवं झालं, हे आवडूला लख्ख दिसत होतं. तिने विचार करायला वेळ मागितला. बुधाजी दुसऱ्याच दिवशी माप घ्यायला सुंभाची दोरी घेऊन हजर!

त्याच सकाळी आवडू कणगीमागचा कोपरा झाडत होती. तिथे भुईतून मातीचा एक उंचवटा वर आलेला तिला दिसला. ओंजळीएवढा, ओलसर. वाळवी. कोकणातल्या बाईला वाळवी ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. तिची आई असती तर तिने तिथल्या तिथे कुदळ मारली असती, खड्ड्यात कढत पाणी ओतलं असतं, वर राख दाबली असती आणि हात धुऊन भाकऱ्यांना बसली असती. आवडूनेही कुदळ आणली होती म्हणे. पाणी चुलीवर चढवलं होतं. आणि कुदळ उचलली तेवढ्यात दाराशी बुधाजीचा आवाज आला. दोरीचं टोक कुठे धरायचं ते तो आपल्या मुलाला सांगत होता.

आवडूने कुदळ खाली ठेवली. देव्हाऱ्यातली हळद-कुंकवाची वाटी आणली. त्या ओल्या मातीवर दोन बोटं ओढली, वर तुळशीचं पान ठेवलं आणि पडवीत धावत येऊन हंबरडा फोडला, "आई इली गे! माजघरात आई इली!"

एवढंच केलं बाईने. दोन बोटं कुंकू. एका पोरीच्या आईने घर वाचवायला केलं, मला तरी त्यात पाप दिसत नाही. पण गावात तेव्हा एक रीत होती. वारूळ ज्या जागी वर येईल ती जागा देवीची. तिथे खणायचं नाही, भिंत घालायची नाही, लोखंड टेकवायचं नाही. आवडूला ही रीत पुरती ठाऊक होती. तिच्या डोक्यात बुधाजीची भिंत होती. आपले स्वतःचे हातही त्याच रीतीने बांधले जाणार, हे त्या घाईत तिच्या ध्यानात आलं नाही.

गाव लोटलं. घाडी आला. घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालणारा माणूस. त्याचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. त्याने कौल लावला. ओल्या मातीला फुलाच्या कळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. गावाने "व्हय म्हाराजा!" म्हणून गजर केला. घाडीने जाहीर केलं, हे माजघर आजपासून आईचं, याची वाटणी होणार नाही. बुधाजी दोरी गुंडाळून निघून गेला. आवडू आत गेली आणि तोंडात पदर कोंबून हसली. हसता हसता रडली. खांबाला टेकून बसली आणि म्हणे खांबालाच म्हणाली, "रवलास रे बाबा." राहिलास एकदाचा, असं.

पहिले काही महिने सुखाचे गेले. खाडीपलीकडे निरोप गेला, देवीने ज्या घरात जागा घेतली त्या घरची मुलगी म्हणून सगुणचा भाव वधारला. बायका ओटी घेऊन यायला लागल्या, नारळ आले, केळी आली. सगुण वाकड्या पावलाने सगळ्यांना पाणी नेऊन द्यायची आणि कोणी तिच्या पायाकडे बघत नव्हतं. आवडूला वाटलं, आईने खरंच पाहिलं आपल्याकडे. माणसाचं असंच असतं हो. आपण रचलेलं दहा जणांनी मानलं की आपल्यालाही खरं वाटायला लागतं.

वारूळ वाढत होतं. वाढू दे, म्हणाली ती, कोपऱ्यातच तर आहे. मग एके दिवशी खोबरेल पुसताना तिला फणसाच्या खांबावर मातीची एक बारीक रेघ दिसली, भुईपासून निघून वर चढलेली. तिने नखाने रेघ फोडली. आत पांढरे किडे वळवळत होते.

त्या दिवसापासून ती चोरून पुसायला लागली. बायका आरती करून गेल्या की फडकं ओलं करायचं, रेघा खरवडायच्या. सकाळी पुन्हा रेघा तयार. शेवटी न राहवून तिने कढत पाण्याचा हंडा उचलला. तो ओतायच्या आत ओटी भरायला आलेल्या एका बाईने पाहिलं आणि बोंब ठोकली. आईवर कढत पाणी! आवडूने सारवासारव केली, आंघोळीचं पाणी नेत होते म्हणाली. पण घाडीने ठरवलं, आईपाशी घरचं एक माणूस कायम बसलं पाहिजे. घरचं म्हणजे कोण? दुसरा पुरुष होता कुठे? बुधाजी.

आता बघा नशिबाचा खेळ! ज्याला घराचा अर्धा वाटा मिळाला नाही तो सगळ्या घराचा राखणदार झाला. रोज सकाळी नाहून, कपाळाला मातीचा टिळा लावून बुधाजी माजघरात पाट मांडून बसायचा. आवडू फडकं घेऊन आली की डोळे मिटल्या मिटल्या म्हणायचा, "वयनी, हात लावू नकात. आयेचो रस्तो असा तो." त्याला खरं काय ते कळलं होतं का? काही म्हणतात, पहिल्या दिवसापासून कळलं होतं. काही म्हणतात, तो खराच भाविक झाला होता. मला विचाराल तर वर्षानुवर्षं गळक्या मांगरात झोपलेल्या माणसाला दुसऱ्याचं छप्पर खचताना बघायला फार भक्ती लागत नाही. पण ते जाऊ दे. तो हलला नाही हे खरं.

आईचे रस्ते खांबावरून तुळईवर गेले, तुळईवरून वाशांत शिरले. सगुणच्या लग्नासाठी जमवलेली लुगडी शिसवी पेटीत होती, ती उघडली तर लुगड्यांच्या जागी माती आणि काठाचे चार धागे. कणगीचं बूड गेलं, भात जमिनीवर आला. घर बाहेरून जसंच्या तसं. वाळवीचा हाच तर दुष्टपणा. ती लाकडाची साल ठेवते, आतला जीव खाते. वाटेवरून जाणाऱ्याला घर ठणठणीत दिसतं, आणि आत राहणाऱ्या बाईला जेवताना ताटात वरून लाकडाचा भुगा पडलेला दिसतो. आवडू तो भुगा बाजूला सारून जेवायची. कोणाला सांगणार? सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार.

फाल्गुनात मुलाचा बाप घर बघायला आला. शहाणा माणूस, बोलणं बेताचं. त्याने वारुळाला नमस्कार केला, सगुणच्या हातचं गूळपाणी घेतलं. उठताना आधाराला म्हणून त्याने फणसाच्या खांबावर हात टेकला. हात आत गेला. मनगटापर्यंत. त्याने हळूच हात काढून घेतला, धोतराला पुसला आणि वर आढ्याकडे एकदा बघितलं. "घर बघून झाला. येतंव," म्हणाला. आवडू खळ्यापर्यंत त्याच्या मागे गेली, पण त्याने वळून पाहिलं नाही. दोन दिवसांत नकाराचा निरोप आला. सगुणने निरोप ऐकला आणि आत जाऊन दळायला बसली.

त्या वर्षीची जत्रा तोंडावर होती. माजघरिणीची पहिली मोठी जत्रा, ढोल, अब्दागिऱ्या, खळ्यात माणूस मावेना. घाडी गाऱ्हाणं घालायला पुढे झाला तेवढ्यात आवडू या पायरीवर चढली. इथेच. केस सुटलेले, पदराचं भान नाही. आणि ती ओरडली, "ही देवी नाय! ही वाळवी असा! मी खोटा बोललंय, माझ्या चेडवासाठी बोललंय! माझा घर वाचवा!"

ढोल थांबले. कोणी कोणाकडे बघेना. सांगतात की त्या क्षणी एका जरी माणसाने कुदळ आणली असती, तर घराच्या भिंती तरी वाचल्या असत्या, छपराची दोन पाखी नव्याने घालता आली असती. पण विचार करा, त्या खळ्यात उभे होते ते कोण? याच मातीला कोणी मूल मागितलं होतं, कोणाला दिवस गेलेही होते. कोणी आजाऱ्याला हिचा अंगारा लावला होता. ही वाळवी म्हटल्यावर त्यांनी स्वतःला काय म्हणायचं?

घाडीने डोळे मिटले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "बघा, बघा! आयेनं आपल्या तोंडान आपलो मोठेपण नाकारलो! आमची परीक्षा बघता ती! आवडूच्या अंगात आई इली!" आणि गाव गरजलं, "व्हय म्हाराजा!"

आवडू कोपऱ्यातली कुदळ घ्यायला धावली. चार जणांनी तिला धरलं. एक हात बुधाजीने धरला होता. हात धरून ठेवून लोक तिच्या पाया पडत होते. तिच्या पांढऱ्या कपाळावर बायकांनी मुठी भरभरून कुंकू चोपडलं, ते तिच्या डोळ्यांत गेलं. ती "नाय, नाय" म्हणून किंचाळत होती, आणि जितकी किंचाळे तितके ढोल जोरात वाजत होते.

मृगाच्या आधीच्या वळवात, भर दुपारी, आढं मोडलं. मायलेकी परसात होत्या म्हणून वाचल्या. सगळं छप्पर मोठा आवाज न करता खाली बसलं म्हणे, आवाज करायला लाकूड उरलंच कुठे होतं! धुरळा खाली बसला तेव्हा वारूळ जसंच्या तसं उभं, एक ढेकूळ पडलेलं नाही. झालं! घाडीने तिथल्या तिथे सांगितलं, आईला डोक्यावर लाकूड नको आहे. आजपासून या जोत्यावर लाकूड चढणार नाही.

सगुण परसातून फणसाच्या खांबाचा उरलेला खुंट बघत उभी होती. तिने आईला एक शब्द लावला नव्हता इतके दिवस. त्या दिवशी बोलली. "आये, भिंत घालूक दिली असतंस, तर अर्धा घर तरी आपला रवला असता."

आवडूने फक्त मान हलवली, असे सांगतात. मला ही गोष्ट सांगताना इथे नेहमी राग येतो, आणि कोणाचा ते अजून ठरवता आलेलं नाही. पोरीचं काही खोटं नव्हतं. पण ते तिने बोलायला नको होतं.

मायलेकींना राहायला जागा दिली ती बुधाजीने, त्या गळक्या मांगरात. स्वतः त्याने तोवर पलीकडे चिऱ्याचं घर उठवलं होतं, देवीचा राखणदार म्हणून गावानेच हातभार लावला. सगुणचं लग्न झालं नाही. आवडू दर जत्रेला पायरीवर चढायची आणि तेच ओरडायची. आधी आधी तिला धरावं लागे. मग धरणं सुटलं. लोक वाट बघायला लागले. तिची हाक झाल्याशिवाय ओट्या भरायला कोणी पुढे होईना. एका वर्षी तिला कळलं असावं, की आपण ओरडतो त्यानेच यांची श्रद्धा पक्की होते. त्या वर्षी ती गप्प बसली, तोंड घट्ट मिटून. तर घाडीने तिच्यापुढे लोटांगण घातलं, आई रुसली म्हणून गावभर रडारड झाली, आणि अखेर ओरडली बिचारी. ओरडली नसती तर सोडणार कोण होतं तिला?

ती गेल्यावर गावाने हाक घालायला सगुणला पायरीवर चढवलं. वाकड्या पावलाने ती चढली. तिने कोणत्या मनाने म्हटलं ते कोणी सांगत नाही.

आजही फाल्गुनातल्या जत्रेला ढोल थांबतात. ज्या बाईच्या घरात कर्ता पुरुष नाही अशी एक बाई या पायरीवर चढते आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडते, "ही देवी नाय, ही वाळवी असा!" आणि आम्ही सगळे, लहान-थोर, मुंबईहून रजा काढून आलेले, शिकलेसवरलेले, हात जोडून एका सुरात म्हणतो, "व्हय गे आये!" मग ओट्या भरतात. आणि आजही आंबसळात घरात वाळवी लागली तर कोणी औषध मारत नाही, कुंकू लावतात.

गेल्या जत्रेला हाक घालायला वरच्या वाडीतली द्वारका होती. तिच्या स्वयंपाकघराचे वासे आधीच्या पावसात खाली आले होते, दोन पोरांना घेऊन ती पडवीत राहत होती. पायरीवर उभी राहून तिने हाक घातली, आणि ती थांबेचना. पुन्हा पुन्हा तेच ओरडत राहिली, आपल्या घराकडे हात करून, घसा फुटेपर्यंत, रडत रडत. आम्ही प्रत्येक वेळी "व्हय गे आये" म्हणत गेलो. जत्रा उठल्यावर खाली उतरताना बायका एकमेकींना सांगत होत्या, यंदाची हाक बाकी फार छान झाली.